305 परवाने आणि कन्हानची राखड

5 मार्च 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मासेमारीच्या एका प्रकरणाचा निकाल दिला. मध्य प्रदेश सरकारने पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या 305 आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहच्या जलाशयात मासे धरण्याचे परवाने दिले होते. वन्यप्राणी आणि पर्यावरण यांच्यासाठी काम करणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने त्याला आव्हान दिले. जलाशय व्याघ्रक्षेत्राच्या ऐन पोटात आहे, पाण्यात मगरी आहेत, हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, तेथे रोज तीनशे माणसे जाळी घेऊन उतरली तर जंगल राखायचे कसे, असा संस्थेचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता.

निकाल लिहिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव वाचकांना ठाऊक असेल. जंगल आणि वाघ राखण्यासाठी सर्व प्रयत्न झाले पाहिजेत, पण तेथून उठवलेल्या माणसांच्या पोटापाण्याचाही विचार झाला पाहिजे, असे त्यांनी म्हटले. या लोकांना उद्यानाबाहेर दुसरे पाणी किंवा कसायला जमीन दिली असती तर अधिक बरे झाले असते, हेही स्पष्ट लिहिले. पण तशी जागा सरकारने न्यायालयापुढे ठेवली नव्हती. म्हणून परवाने कायम राहिले आणि त्यांच्या गळ्यात अटी आल्या.

त्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. प्रत्येक परवानाधारकाजवळ फोटो असलेले ओळखपत्र हवे. ठरवून दिलेल्या रस्त्यानेच पाण्यापर्यंत जायचे, वाटेत तपासणी द्यायची, उद्यानाच्या इतर भागात पाऊल टाकायचे नाही. काठावर चूल पेटवायची नाही. पॉलिथिन किंवा कचरा टाकायचा नाही. आणि रोज किती मासा निघाला त्याची नोंद ठेवायची. दिवसभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाने काठावर चहासुद्धा उकळू नये, इतकी ती अट काटेकोर होती. वाघाच्या दृष्टीने अट बरोबरच आहे. उन्हाळ्यात एका चुलीची ठिणगी सागाच्या वाळल्या पानांवर पडली की काय होते, हे रामटेक-पारशिवनीकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही.

निकालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. मध्य प्रदेशने 1983 मध्ये उद्यान करण्याचा इरादा जाहीर केला होता आणि 1997 उजाडले तरी अंतिम अधिसूचना काढली नव्हती. चौदा वर्षे! वन्यजीव कायद्याप्रमाणे लोकांनी आपले हक्क सांगण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. जंगलातल्या गोंड वस्त्यांमधून त्या दोन महिन्यांत दावे आले नाहीत, ते उशिरा आले. सरकारला चौदा वर्षे पुरली नाहीत, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसांनी साठ दिवसांत कागद करायला हवा होता. न्यायालयाने सरकारला लवकर अधिसूचना काढायला सांगितले आणि विषय पुढे गेला.

मुळात हे मासे आले कुठून? पेंच नदीत ते आधीपासून होतेच, पण जलाशय नवा होता. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून पेंच अडवायची ठरवली, ती नागपूर-भंडाऱ्याच्या शेतीला पाणी, शहराला पाणी आणि दोन्ही राज्यांना वीज यासाठी. तोतलाडोहच्या पायथ्याशी 160 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र झाले. त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशची, एक तृतीयांश आपली. काम ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले, आणि सत्तर चौरस किलोमीटरहून अधिक जंगल, नदीकाठ आणि गावठाण पाण्याखाली गेले. रामटेक जवळ असल्याने आपल्याकडे या पाण्याला मेघदूत जलाशय हे नाव मिळाले. कालिदासाच्या यक्षालाही घरापासून तोडले होते, हे नाव देणाऱ्यांच्या मनात आले असेल का, देव जाणे.

याच काळात त्याच जमिनीवर राखीव क्षेत्राच्या रेषाही पडत होत्या. महाराष्ट्राने 1975 मध्ये आपल्या बाजूला राष्ट्रीय उद्यान केले, मध्य प्रदेशने 1977 मध्ये अभयारण्य केले आणि 1983 मध्ये उद्यानाचा इरादा जाहीर केला. पुढे 1992 मध्ये तिकडे आणि 1999 मध्ये इकडे व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे एका हाताने शासन जंगल बुडवत होते आणि दुसऱ्या हाताने तेच जंगल अस्पर्श ठेवण्याची प्रतिज्ञा करत होते. अलीकट्टासारखी गावे या दोन हातांच्या मध्ये सापडली. आज अलीकट्ट्याला गवताचे विस्तीर्ण मैदान आहे, तेथे चितळांचे कळप चरतात आणि जिप्सीतले पर्यटक फोटो काढतात.

महाराष्ट्राच्या बाजूची कथा अधिक गुंतागुंतीची. इकडे परवाने नव्हतेच. पण धरण बांधायला आलेले मजूर काम संपल्यावर तोतलाडोहलाच राहिले होते. घमेली खाली ठेवली तेव्हा समोर पाणी होते आणि पाण्यात मासा होता. त्यांनी होड्या बांधल्या. धरणासाठी ज्यांना शासनाने आणले, ते धरण भरल्यावर शासनाच्याच लेखी अतिक्रमणदार ठरले. ती वसाहत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उठवण्यात आली. मासेमारी मात्र थांबली नाही, ती रात्री होऊ लागली. वनखात्याच्या बोटी, जप्त जाळी, दगडफेक, गुन्हे अशा बातम्या नागपूरच्या वृत्तपत्रांत पुढे वर्षानुवर्षे येत राहिल्या. आता सिल्लारीला गाइड आणि कोलितमाऱ्याला बोटी चालवणारे तरुण दिसतात, आणि काठावरच्या काही घरांतली पोटे पर्यटनावर भरतात. सगळ्यांची भरत नाहीत.

तोतलाडोहचे पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात येते. तेथून कालवे निघतात, नागपूरला पिण्याचे पाणी जाते, वीजकेंद्रांना पाणी जाते. उरलेली पेंच खापरखेड्याजवळ बिना संगमावर कन्हानला मिळते, तेथेच कोलारही येते. कन्हान स्वतः छिंदवाड्याकडून, सातपुड्यातून उतरलेली. तीन नद्यांचे एकत्र पाणी मग कामठी आणि कन्हान यांच्या मधून वाहते आणि पुढे वैनगंगेला भेटायला निघते. वर व्याघ्र प्रकल्पात ज्या पाण्याच्या काठी चूल पेटवायला बंदी, ते पाणी इथे पोहोचेपर्यंत देशातल्या मोठ्या भट्ट्यांपैकी काहींच्या दारात आलेले असते.

कामठी ही 1821 ची लष्करी छावणी. फलटणींच्या मागोमाग व्यापारी, विणकर, हमाल आले, आणि नदीच्या पलीकडचे कन्हान रेल्वेमुळे वाढले. रामटेककडे जाणारी फाट्याची लाइन कन्हानहून निघते. गेल्या शतकाच्या आरंभी मनसर-कांद्रीच्या टेकड्यांत मँगेनीज सापडले आणि युरोपातल्या पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा काळा दगड नागपूर जिल्ह्यातून मुंबईच्या बंदरात जाऊ लागला. त्या खाणी आज मॉयल या सरकारी कंपनीकडे आहेत. फेरोमँगेनीजचा कारखाना कन्हानमध्ये उभा राहिला, तसा ब्रुक बाँडचाही. गावाला पाळ्यांच्या भोंग्यांची सवय झाली. कन्हान-पिपरीत बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, आंध्र असे सगळे वस्तीला आले.

पलीकडच्या कामठीत आणखी एक धंदा होता, विडीचा. तेंदूपान जंगलातले, तंबाखू बाहेरची, हात कामठीचे. या विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. 1937 मध्ये मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले आणि दोन वर्षांत, 12 जानेवारी 1939 रोजी, पस्तिशी नुकतीच गाठली असताना वारले. कन्हानच्या काठावर त्यांचे स्मारक आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे माणसांची रीघ लागते. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनीच रूढ केले, म्हणून त्यांचे नाव देशभर गेले. विडी कामगारांचे पुढारी ही त्यांची ओळख मात्र मागे पडली. या काठावर पोटाचा प्रश्न कोळशाच्या आधीपासून मांडला जातो आहे, आणि त्या जुन्या धंद्याचाही कच्चा माल जंगलातूनच येत होता, एवढ्यासाठी हा उल्लेख.

मग कोळसा. कामठी कोळसाक्षेत्र नदीच्या दोन्ही अंगांनी पसरले आहे : सिल्लेवाडा, पाटणसावंगी, वलनी, इंदर, गोंडेगाव, भानेगाव, सावनेर. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि आली, मुख्यालय नागपुरात. खापरखेड्याला जुने वीजघर 1950 च्या सुमारासच झाले होते. कोराडीचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. खापरखेड्याचे नवे केंद्र 1989 पासून टप्प्याटप्प्याने वाढत 2011 मध्ये 1340 मेगावॅटला पोहोचले. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन नवे संच 2015 ते 2017 या काळात लागले. कोळसा उशाशी, पाणी पायथ्याशी आणि वीज हवी ती पुण्या-मुंबईला. महाराष्ट्राच्या नकाशावर याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

या सगळ्याने कन्हानला काय दिले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कोलियरीत लागलेला माणूस म्हणजे पक्का पगार, क्वार्टर, दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पारशिवनी तालुक्यात दुसरा कोणता धंदा हे देत होता? खाणकामगाराच्या पोरी नर्स झाल्या, पोरे आयटीआय करून पॉवर हाऊसमध्ये चिकटली. पाच एकर कोरडवाहू कापसावर जे तीन पिढ्यांत झाले नसते, ते एका नोकरीने झाले. पर्यावरणाच्या नावाने बोलणाऱ्यांनी हे विसरून बोलायला सुरुवात केली की कन्हानच्या चौकात त्यांचे कोणी ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्यांचे फारसे चुकतही नाही.

पण ही नोकरी वाटायची रीत काय होती? खाणीसाठी जमीन गेली तर ठरावीक जमिनीमागे एक नोकरी, साधारणपणे दोन एकराला एक. म्हणजे नोकरी मिळाली सातबाऱ्याला. ज्याच्या नावावर दोन एकर, त्याच्या घरात पगार आला. त्याच्याच शेतात मजुरीला जाणाऱ्याला काही आले नाही. आणि नदीचा सातबारा तर कोणाच्याच नावावर नसतो. उन्हाळ्यात कन्हानच्या कोरड्या पात्रात रेती उकरून, खत घालून डांगरवाड्या करणारे ढीवर आणि कहार, टरबूज-डांगर कामठीच्या बाजारात आणणाऱ्या बाया, पावसाळ्यात डोहात जाळे टाकणारे, यांचा धंदा कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत मोजला गेला नाही. तोतलाडोहला दोन महिन्यांत दावा न करणारे जसे कायद्याच्या नजरेतून निसटले, तसेच हे. पोट होते, पण पोटाचा कागद नव्हता.

पात्राचे दुसरे गिऱ्हाईक रेतीचे. कन्हानची रेती नागपूरच्या बांधकामात नावाजलेली. शहर जसे वाढले तसे रेतीघाट लिलावात गेले आणि लिलावाबाहेरही गेले. पोकलेन लावून पात्र खरवडले की डांगरवाडीला जागा उरत नाही, माशाला अंडी घालायला उथळ पाणी उरत नाही. आणि तरीही ट्रॅक्टरवर रेती भरणारा मजूर कोण, तर त्याच काठावरचा, कदाचित त्याच घरातला, ज्याचा बाप डांगरे पिकवत असे. नदी राखायची तर त्याची मजुरी जाते, नदी खरवडू द्यायची तर त्याच्या बापाचा धंदा जातो. इथे दोन पक्ष समोरासमोर उभे नसतात, एकाच ओट्यावर बसलेले असतात.

आता राखडीकडे येऊ. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण फार, 30 ते 45 टक्के. एक युनिट वीज करायला सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर पाव किलोच्या आसपास राख उरते. छताचा एक पंखा बारा-तेरा तास फिरवला की पाव किलो राखड कन्हानच्या काठी जमा झाली. हीच राख पाण्यात कालवून नळांनी बंधाऱ्यात सोडतात. खापरखेड्याची वारेगावला, कोराडीची खसाळ्याला. पाणी निथळते, राख बसते, ढीग वाढतो. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती उडून कापसाच्या बोंडावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताटात बसते. पावसाळ्यात ती कोलारमध्ये, तेथून कन्हानमध्ये येते.

या राखेचा पूर्ण वापर झाला पाहिजे, असा केंद्र सरकारचा आदेश 14 सप्टेंबर 1999 चा आहे. म्हणजे मासेमारांच्या निकालानंतर अवघ्या अडीच वर्षांनी. जुन्या केंद्रांना पंधरा वर्षांची मुदत, नव्यांना नऊ. वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळावी, राख फुकट द्यावी, सिमेंटमध्ये घालावी, रस्त्यांत भरावी. कल्पना चांगली होती, माणसांना कामही मिळणार होते. मग 2003 मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. 2009 मध्ये पुन्हा. 2016 मध्ये पुन्हा, आणि 31 डिसेंबर 2017 ही नवी तारीख. तीही गेली. अखेर 31 डिसेंबर 2021 रोजी नवीनच अधिसूचना आली. तीत तीन ते पाच वर्षांची आवर्तने आहेत, साठलेल्या जुन्या राखेसाठी आणखी दहा वर्षे आहेत, आणि न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये भरपाई आहे.

काठावर चूल पेटवायची नाही, या अटीला मुदतवाढ मिळाल्याचे कोणी ऐकले आहे? पेंचच्या वरच्या अंगाला ओळखपत्र नसलेला मासेमार त्याच दिवशी परत फिरवला जात होता. खालच्या अंगाला शंभर टक्के राख वापरण्याची अट बावीस वर्षांत चार वेळा नव्याने लिहिली गेली. आपल्याकडे पर्यावरण आणि रोजगार यांचा मेळ घालायचा म्हणून जे काही केले जाते, त्यातला मुख्य दोष मला इथे दिसतो. अटी दोघांनाही असतात. धाकट्याची अट आजपासून लागू होते, थोरल्याची पुढच्या टप्प्यापासून. आणि थोरल्याला सवलत देताना कारण सांगितले जाते ते धाकट्याचेच : केंद्र बंद पडले तर लोकांच्या नोकऱ्या जातील.

नोकऱ्या गेल्या, पण त्या कशाने गेल्या हे पाहिले तर वेगळेच दिसते. कन्हानचा फेरोमँगेनीजचा कारखाना बंद पडला, त्यात वाघाचा किंवा माशाचा काही हात नव्हता. कोराडीचे 120 मेगावॅटचे जुने संच वयाने निवृत्त झाले. भूमिगत खाणींच्या जागी खुल्या खाणी आल्या, आणि जेथे शंभर माणसे खाली उतरत तेथे एक शॉवेल आणि काही डंपर पुरू लागले. वेकोलिची कामगारसंख्या नव्वदच्या दशकाच्या तुलनेत आज निम्म्याहून खाली आहे. कोळशाचे उत्पादन त्या प्रमाणात घटलेले नाही. उरलेली बरीच कामे ठेकेदाराकडे गेली, ठेकेदार आपली माणसे घेऊन आला. ज्या पक्क्या नोकरीच्या आठवणीवर गाव अजून खाणीच्या बाजूने उभे राहते, ती नोकरी यंत्राने आणि ठेक्याने खाल्ली. पर्यावरणवाल्यांची तेवढी ताकद कधीच नव्हती.

2021 च्या नोव्हेंबरात नागपूरची सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि मंथन अध्ययन केंद्र यांनी कोराडी-खापरखेड्याच्या प्रदूषणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. भोवतालच्या 21 गावांतले पाणी आणि राख तपासून केलेला. विहिरी, बोअर आणि नदी-नाल्यांच्या पाण्यात पारा, आर्सेनिक, ॲल्युमिनियम यांसारखी द्रव्ये मर्यादेबाहेर आढळल्याचे त्यात होते. गावकऱ्यांना द्रव्यांची नावे नवी होती, पाण्याची चव जुनीच होती.

त्याच सुमारास पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठाजवळ, नांदगावला महाजेनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने नव्या तलावात राख सोडायला सुरुवात केली होती. जमीन आधीच संपादित झालेली. नांदगावच्या लोकांनी ओरड केली, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि 2022 च्या आरंभी तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी राख टाकणे तत्काळ थांबवण्याचा आदेश दिला. ते स्वतः नांदगावला आले. गावाच्या तक्रारीवरून मंत्र्याने सरकारी वीज कंपनीचे नळ बंद करायला लावावेत, ही विदर्भात रोज घडणारी गोष्ट नव्हे. जूनअखेर सरकार बदलले. राख पुन्हा टाकली जात असल्याचा आरोप मग त्यांनीच विरोधी बाकांवरून केला.

आणि जुलैच्या मध्यावर, मुसळधार पावसात, खसाळ्याचा बंधारा फुटला. राखेचा लगदा शेतांत, नाल्यांत, वस्त्यांच्या कडेला पसरला. रोवणीचे दिवस होते, बांधांवर करड्या चिखलाचा थर बसला. लगदा कोलारमधून कन्हानला आला. आणि कन्हानवर नागपूर महापालिकेचे पाणी उचलण्याचे केंद्र आहे. अंबाझरी आणि गोरेवाडा अपुरे पडू लागले तेव्हा शहर या नदीकडे वळले, आणि आजही उत्तर व पूर्व नागपुरातल्या लाखो नळांना हेच पाणी जाते. राखेने गढूळ झालेले पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रणेला पेलेना, उपसा कमी करावा लागला. खसाळा-वारेगावची राखड वर्षानुवर्षे गावकऱ्यांची तक्रार होती. ती शहराच्या नळाला आली तेव्हा तिची शहर आवृत्तीत बातमी झाली.

सगळेच काळे आहे असे मात्र नाही, आणि जे साधले ते सांगितलेच पाहिजे. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला देण्याचा करार महापालिका आणि महाजेनको यांच्यात 2008 मध्ये झाला. रोज 13 कोटी लिटरचा प्रकल्प 2015 च्या सुमारास सुरू झाला. तेवढे पेंचचे ताजे पाणी वाचले. वर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यावर तोतलाडोहला येणारे पाणी घटले, आणि 2019 च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. तेव्हा या वाचलेल्या पाण्याची किंमत कळली. वेकोलिने भानेगाव आणि गोंडेगावला खाणीवरच्या मातीच्या ढिगाऱ्यांतून, ज्याला इकडे सगळे ओबी म्हणतात, रेती वेगळी काढायला सुरुवात केली. ती नदीच्या रेतीपेक्षा स्वस्त पडली आणि घरकुलांना गेली. जितकी ओबीतून निघेल तितकी कन्हानच्या पात्रात राहील. दोन्ही ठिकाणी कोणाचे पोट मारावे लागले नाही. अवघड होते ते दोन कार्यालयांना एका टेबलाशी बसवणे.

वारेगावच्या वीटभट्ट्यांचे तसे म्हणता येत नाही. राख फुकट, म्हणून बंधाऱ्याच्या आसपास भट्ट्या उगवल्या. राखेचा वापर वाढला, आकडा सुधारला, शेकडो मजुरांना हंगामी काम मिळाले. पण तीच राख उघड्या ट्रकमधून रस्त्यावर सांडते, भट्टीचा धूर वस्तीवर जातो, आणि वीट थापणाऱ्या बाईच्या छातीत काय साठते ते कोणत्याही अधिसूचनेच्या तक्त्यात येत नाही.

29 मे 2023 रोजी, ऐन नवतपात, कोराडीला जनसुनावणी झाली. जुन्या संचांच्या जागी 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचे होते. नागपूरचे पर्यावरण कार्यकर्ते कागदपत्रे घेऊन आले होते. प्रदूषण आधीच सोसण्यापलीकडे आहे, हा त्यांचा मुद्दा. विदर्भातली वीज विदर्भाबाहेर जाते आणि राख इथे राहते, हा दुसरा. समोर गावोगावचे प्रकल्पग्रस्त होते, ठेक्यावर राबणारे होते. नुसत्या हो-नाहीने त्यांचे भागणार नव्हते. संच लावा, पण स्थानिक पोरांना घ्या, आणि ठेकेदारामार्फत नको, पक्के घ्या, ही त्यांची जुनी मागणी. गावात पिण्याचे स्वच्छ पाणी द्या, राखडीची शेतीची भरपाई द्या, दवाखाना द्या, ही तिच्याच जोडीची.

शहरातल्या चर्चेत या सुनावणीचे वर्णन पर्यावरणवादी विरुद्ध रोजगारवादी असे झाले. खरे तर गावांच्या मागण्या अटीच आहेत, तोतलाडोहच्या परवान्यांना होत्या तशा, फक्त या वेळी खालून वर घातलेल्या. कोणाला नोकरी मिळेल त्याची नावानिशी यादी, राख किती निघाली आणि कुठे गेली त्याची रोजची नोंद गावाच्या चावडीवर, बंधाऱ्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि तीही ग्रामपंचायतीसमोर : यातली एकही गोष्ट 305 मासेमारांकडून मागितलेल्या गोष्टींहून जड नाही. त्यांच्याजवळ ओळखपत्र ठेवायला धड खिसाही नव्हता. इथे आकाशात घुसलेल्या चिमण्या आहेत, हजारो कोटींची गुंतवणूक आहे आणि नोंदी ठेवायला संगणक आहेत.